एका दमाचा चंबू

४ जानेवारी

चि. छकू हीस अनेक आशीर्वाद.

आठवडाभर मी फोन उचलत नाही म्हणून तू काळजीत असशील. घाबरू नकोस, तुझी आई आणि मी दोघंही धडधाकट आहोत. फोन मी मुद्दामच उचलत नाही. गेल्या रविवारी आपण बोलत होतो तेव्हा तुझ्या बाजूने लायटरचा टक् असा आवाज आला, आणि पाठोपाठ तू श्वास आत ओढलास. उभा जन्म काचेच्या भट्टीपुढे फुंकनळी तोंडात धरून काढलेल्या माणसाला श्वास ओळखू येतो, पोरी. तो साधा श्वास नव्हता. तुला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तूच विचारलंस की बाबा, तुम्ही आत्ता काडी ओढलीत का. मग आपण दोघंही हवापाण्यावर बोललो आणि फोन ठेवला.

मला तुझा राग आला, आणि मग माझ्या बोटांत काय आहे ते पाहून तो जागच्या जागी विरला. लेकीला कोणत्या तोंडाने बोलणार? आणि एक गोष्ट लक्षात आली. फोन कानाला लागला की आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो. तुझाही जात असणार, माझंच रक्त. म्हणून ठरवलं की हे व्यसन सुटेपर्यंत आपण एकमेकांना पत्रंच लिहायची. लिहिताना निदान एक हात तरी गुंतलेला असतो.

आता खरं कारण सांगतो. आमच्या कारखान्यात रसायनांच्या कंपन्यांसाठी काचेचे मोठे चंबू करायचं काम आलंय. एकेक चंबू दोन्ही हातांनी कवटाळावा एवढा. नळीच्या टोकावरचा तापलेला गोळा साच्यात सोडला की एका दमात, न थांबता फुंकावं लागतं. मधे श्वास तुटला की काचेवर वळी पडते आणि चंबू भंगारात जातो. गेल्या महिन्यात माझा श्वास तुटला. पुन्हा केला, पुन्हा तुटला. मालकीणबाईंनी डॉक्टरकडे पाठवलं. छाती धुराने भरलीय हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता म्हणा! बाई समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या की एप्रिलअखेर माझ्यासमोर एक चंबू एका दमात करून दाखवा, नाहीतर तुम्हाला माल बांधायच्या खोलीत बसवावं लागेल. तिथली मंडळी चांगली आहेत, पण दुसऱ्यांनी फुंकलेल्या काचेला मी कागद गुंडाळत बसलेला आहे, हे चित्र मला बघवत नाही.

मला हे एकट्याला जमणार नाही. तुझ्या आईला हे सांगता येत नाही, कारण ती गेली कित्येक वर्षं हेच म्हणतेय. तुला सांगतो. माझ्याबरोबर सोडशील का?

माया आहेच, तिला धुराचा वास लागू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


११ जानेवारी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग कान लाल झाले, मग आगाराच्या मागच्या गेटपाशी जाऊन ते पुन्हा वाचलं. हातात सिगारेट होती हे लपवत नाही. पत्र संपलं तेव्हा तीही संपली होती. मग पाकीट कॅन्टीनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, नियंत्रण कक्षात येऊन दोन बस सोडल्या आणि ते काढायला परत गेले. तोवर कॅन्टीनवालीने त्यावर चहाचा चोथा उपडा केला होता. आजपर्यंत मी त्या बाईला कधी नीट नमस्कारही केला नव्हता, आता रोज करते.

हो, सोडते. तुमच्याबरोबर.

पण बाबा, हे काय भलतंच अवघड आहे! माझ्या खुर्चीसमोर बसच्या वेळांचा फलक, हातात माइक, आणि तोंडाला सतत काहीतरी हवं. पेन्सिल चावायला लागले. परवा माइक चालू आहे हे विसरून चावत बसले आणि सगळ्या फलाटांवर उंदीर कुरतडल्यासारखा आवाज घुमला. प्रवासी वर स्पीकरकडे बघायला लागले. आमचा जाडा ड्रायव्हर धावत आला आणि म्हणाला की उंदीर मारायचं औषध आणू का. त्याला खरं कारण सांगितलं तर तो माझ्यासमोर बसकण मारून म्हणाला की मीही सोडतो, मला घरी कोणी विचारत नाही, तुम्ही तरी विचारत जा. तिकीट खिडकीवरची बाईही आली. तिला मी कधी सिगारेट ओढताना पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं ती भिंतीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून ओढायची आणि आम्ही अलीकडे.

तर आता आम्ही तिघं आहोत, तुम्ही चौथे. ओठांत धरायला काही चांगलं करून द्या ना. काचेचं जमेल का? एवढ्या साऱ्या गावाला चंबू पुरवता, लेकीसाठी एक काडीएवढं काहीतरी करा.

आईला माझं सांगितलंत की नाही? सांगितलं असेल तर ती काय म्हणाली ते गाळून लिहा.

आशीर्वाद असू द्या, आणि खोकला झाला तर तो खोटं बोलून लपवू नका.

तुमची,
छकू


२ फेब्रुवारी

चि. छकू हीस अनेक आशीर्वाद.

सोबत डबीत कापूस घालून काचेच्या नळ्या पाठवतोय. तुला, जाड्या ड्रायव्हरला, तिकीटवालीला, आणि एक जास्तीची. सिगारेटच्या लांबीच्या आहेत. भिंत जाड ठेवलीय आणि दोन्ही टोकं आचेवर गोल केलीत, म्हणजे ओठ कापणार नाहीत. ओढली की नुसती हवा येते, पण हाताला आणि ओठाला फसवायला तेवढं पुरतं. जाड्याला सांग की चावायची नाही. मी माझ्यासाठी पहिली केली ती दोन आठवडे तोंडात आहे. तुझी आई म्हणते की बाळाच्या तोंडातली चोखणी बरी, ती निदान झोपल्यावर पडते.

आईला तुझं सांगितलं. जेवताना म्हणाली की आता दोघांचंही एकदमच सुटू दे, दोनदा काळजी करायची ताकद माझ्यात नाही. गाळून एवढंच लिहितो.

आता एक नवल ऐक. आमच्या कामात तापलेल्या काचेला आकार द्यायला भिजवलेला लाकडी ठोकळा वापरतात. गुरुवारी सकाळी मी ठोकळा काचेला लावला, नेहमीसारखी वाफ आली, आणि अगं, त्या वाफेला वास होता! ओल्या लाकडाचा, किंचित जळका, किंचित गोड. मी लहान वयात कामाला लागलो तेव्हा हा वास मला इतका आवडायचा की घरी जाऊन सदऱ्याची बाही हुंगायचो. तो कधी नाहीसा झाला ते मला कळलंही नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. काच नळीवरून ओघळायला लागली आणि माझा जोडीदार, म्हणजे तू ज्याला काका म्हणतेस तो, ओरडला की झोपलास का. मी त्याला म्हटलं की ये, वास घे. त्याने घेतला आणि म्हणाला की कसला वास? तोही माझ्याइतकाच ओढतो ना! मला इतकं वाईट वाटलं त्याच्यासाठी, आणि इतका आनंद झाला माझ्यासाठी, की दिवसभर ठोकळा हुंगत होतो. बाकीच्यांना वाटलं की म्हातारा गेला कामातून.

श्वास मात्र अजून अर्ध्यातच तुटतो. पण आता तुटतो तो जरा पुढे.

जशी आहेस तशी राहा, फक्त विनाधूर.

तुझा,
बाबा


१३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

नळ्या सुखरूप पोचल्या. डबी उघडली तेव्हा खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं आणि आम्ही तिघंही डबीवर वाकलो. जाड्या ड्रायव्हरने आपली उचलून उन्हात धरली आणि विचारलं की हे माणसाने हाताने केलंय? मी म्हटलं की माझ्या बाबांनी. काय ताठ झाले असेन मी! तिकीटवाली तर रांगेतला माणूस तावातावाने भांडत असताना नळी ओठात धरून त्याच्याकडे अशी बघते की त्याचाच आवाज खाली येतो.

एक वाईटही लिहिते. परवा पहाटेपासून धुकं होतं. एक बस वेळ टळून गेली तरी आली नाही आणि तिच्याशी संपर्कही होईना. माणसं काचेवर बुक्क्या मारत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की मी काहीतरी लपवतेय. बस आली, सगळे सुखरूप होते. सगळं पार पडल्यावर मला तलफ आली. मी मागच्या गेटशी गेले, कोणाकडून तरी मागून घेतली आणि ओढली. अख्खी. चव इतकी घाण लागली की डोळ्यांत पाणी आलं, तरी संपवली.

तिकीटवालीने पाहिलं. मला वाटलं की आता बोलणार. तिने खिशातलं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून अर्धं आपण खाल्लं. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी परत नळी धरली. माणसं किती चांगली असतात, बाबा, आणि किती जवळ असतात! भिंतीपलीकडे उभी असते ती बाई.

आता आणखी नळ्या लागतील. धुलाई विभागातले लोक विचारतायत.

माझ्यावरचा जीव या एका सिगारेटीने कमी होऊ देऊ नका.

तुमची,
छकू


२४ फेब्रुवारी

चि. छकू हीस आशीर्वाद.

अक्षर अनोळखी वाटेल. मी काका, तुझ्या बाबाचा जोडीदार. मला पत्रं लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घाल.

तुझ्या बाबाला सोमवारी भाजलं. जिवावरचं नाही, आधीच सांगतो. काम चालू होतं. त्याने गोळा साच्यात सोडला, नळी ओठाला लावली, आणि फुंकायच्या जागी ओढलं. आमच्या धंद्यात शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगतात की नळीतून श्वास कधी आत घ्यायचा नाही. मी त्याच्यासमोर उभा होतो. काच आत बसली, दात नसलेल्या गालासारखी. गरम हवा त्याच्या घशात गेली आणि नळी हातातून सुटली. टाळू आणि घसा होरपळलाय. डॉक्टर म्हणतात की भरून येईल, पण सध्या बोलायचं नाही आणि त्यांनी सांगेपर्यंत फुंकायचं नाही.

असं का झालं ते त्याने स्वतःच कागदावर लिहून दाखवलं. ती काचेची काडी दिवसभर तोंडात धरून ओढत होता ना, तोंडाला तीच सवय लागली. मोठी नळी आली, तोंडाने तेच केलं. एवढा कसलेला कारागीर, आणि चूक अशी की नवशिक्याला हाकलून द्यावं. भाजल्यापेक्षा हेच त्याला जास्त लागलंय. मला लिहून दिलं की मालकीणबाईंना सांग, मला माल बांधायच्या खोलीत घ्या. काल गेलो तर त्याच्या उशाशी फोडलेलं पाकीट होतं. मी भांडलो, पण त्याला बोलता येत नाही, त्यामुळे एकतर्फी भांडणात दम नव्हता.

त्याला तुझ्यावाचून कोणी सांगू शकणार नाही. आणि एक, हे त्याला कळवू नकोस. तो भाजला त्या दिवसापासून मीही सोडलीय. तो उठून बसेल तेव्हा शेजारी कोणीतरी असावं म्हणून. फार जड जातंय.

तुझ्या लोभातला,
काका


१ मार्च

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

मला काकांनी सगळं कळवलं. रागावू नका त्यांच्यावर. वाचताना माझाच घसा भाजल्यासारखा झाला. रजा टाकून यायला निघाले होते, पण आईने निरोप दिला की आत्ता येऊ नकोस, तू आलीस की ते धीराचा आव आणतील आणि आतून आणखी खचतील. म्हणून लिहितेय. तुम्हाला उलट बोलता येत नाही, तर नीट ऐकून घ्या.

पाकिटातल्या किती गेल्या ते विचारत नाही. माझी धुक्यातली तुम्ही विचारली नव्हती, संत्र्यावाल्या बाईनेही नाही. उरलेल्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची बातमी कळली तशी मी घाबरून सगळ्यांच्या नळ्या गोळा केल्या आणि कपाटात ठेवल्या. जाडा ड्रायव्हर रुसला. लहान मुलासारखा येऊन म्हणाला की माझी मला द्या, ओढणार नाही, नुसती हातात धरतो. दिली. तो ती पाण्याच्या ग्लासात बुडवून बसला आणि गाल फुगवून फुंकायला लागला. बुडबुडे! आधी आम्ही हसलो. मग पाहिलं तर तो अगदी सावकाश फुंकत होता आणि बुडबुडे एकामागून एक, एकाच आकाराचे वर येत होते. एवढा धिप्पाड माणूस, पण डोळे मिटून बसलेला. दम संपल्यावर डोळे उघडून म्हणाला की गेली. मी विचारलं की काय गेली, तर म्हणाला की तलफ.

मी बाकीच्या नळ्याही कपाटातून काढल्या, आणि आता नियंत्रण कक्षात खिडकीशी ग्लास मांडलेत. ज्याला तलफ येईल त्याने यायचं आणि फुंकायचं. ओढायचं अजिबात नाही. धुलाईवाले येतात, मेकॅनिक येतो, दोन जण बसले असतील तर तिसरा मागे उभा राहतो. कोणी कोणाशी बोलत नाही. नुसती बुडबुड ऐकू येते. काल मी माइक बंद करून ते ऐकत बसले. ही सगळी माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, बाबा. तुम्ही केलेल्या काचेतून श्वास सोडतायत.

घसा बरा झाला की तुम्हीही हेच करा. तुमच्या तोंडाला चुकीची सवय लागली ना, मग तीच काडी घेऊन तिला बरोबर सवय लावा. खोलीत बसून कागद गुंडाळणं आम्हाला चालणार नाही, आम्ही इथे फार लोकांना सांगून ठेवलंय.

आणि काकांनी सांगू नकोस म्हटलं होतं तरी सांगते. तुम्ही भाजलात त्या दिवसापासून त्यांनीही सोडलीय, तुम्हाला न कळवता.

नमस्कार, आणि आईला घट्ट मिठी.

तुमची,
छकू


१९ मार्च

चि. छकू हीस अनेक आशीर्वाद.

बोलता येतंय. आवाज फाटक्या पोत्यासारखा आहे, पण आहे. पाकिटातल्या उरलेल्या सिगारेटी तुझ्या काकाच्या हातात दिल्या आणि विचारलं की खरं का रे. त्याने पाकीट कारखान्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि बराच वेळ हात वर काढलाच नाही, जणू ते पोहून बाहेर येईल. मग आम्ही दोघं म्हातारे बादलीशेजारी उभे राहून रडलो. मालकीणबाई दारातूनच परतल्या.

अजून फुंकायची परवानगी नाही. म्हणून मी बाकावर बसून काच फिरवतो आणि तो माझ्यासाठी फुंकतो. मी पायाने एकदा ठोकलं की फुंकायचं, दोनदा ठोकलं की थांबायचं, ही आमची जुनी पद्धत. इतकी वर्षं मोठ्या कामात मीच नळीच्या त्या टोकाला असायचो, त्यामुळे हे मी कधी बघितलंच नव्हतं. लाल गोळा डोळ्यांसमोर हलकेच फुगतो, पातळ होतो, आरपार दिसायला लागतो. आत दुसरं काहीच नाही, फक्त माझ्या मित्राचा श्वास. एवढं मोठं काम मी पोटापाण्याचं म्हणून करत होतो, याचं मला हसू आलं आणि लाजही वाटली.

जेवणाच्या सुट्टीत ग्लासात बुडबुडे काढतो. काका माझ्यापेक्षा लांब फुंकतो, हे मला सहन होत नाही. डबा घेऊन आलेली तुझी आई मधे पंच म्हणून बसते आणि उघड उघड त्याच्या बाजूने निकाल देते.

तुमच्या खिडकीतल्या मंडळींना माझा नमस्कार सांग, एकेकाला वेगळा.

तुझा,
बाबा


२८ एप्रिल

चि. छकू हीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी फुंकायला मोकळीक दिली, आणि काल झालं. सविस्तर लिहितो, कारण तू विचारणारच.

मालकीणबाई सकाळीच आल्या आणि भट्टीपासून जरा लांब हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्यांनी आपापलं काम थांबवलं. माल बांधायच्या खोलीतली मंडळीही दाराशी आली. माझे हात थंड पडले होते, भट्टीपुढे उभं राहून! काकाने गोळा भरून दिला. मी तो फिरवला, ठोकळ्याने गोल केला, वाफेचा वास घेतला आणि साच्यात सोडला. काकाने साचा मिटला.

ओठाला नळी लावली त्या क्षणी मी घाबरलो, पोरी, हे लपवत नाही. तोंड काय करेल याचा मला भरवसा नव्हता. मग मला तुझी ती खोली आठवली, जी मी पाहिलेलीही नाही. माझं नाव माहीत नसलेली माणसं ओळीने बसून सावकाश श्वास सोडतायत. मी त्यांच्यातच जाऊन बसलो असं समज, आणि फुंकलं.

जिथे नेहमी तुटायचा तिथे आलो. तिथे छातीत एक जिना संपतो आणि पुढे पायरी नसते, असं मला महिनोन्‌महिने वाटत आलं होतं. काल पायरी होती. तिच्यापुढे आणखी एक होती. मी जात राहिलो. काच साच्याला टेकल्याचं नळीतून ओठांना कळतं, ते कळलं, आणि काकाने हात वर केला. साचा उघडला तेव्हा चंबू नितळ होता. कुठेही वळी नाही. तो अजून लाल होता आणि त्यात समोरच्या सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

मालकीणबाई जवळ आल्या. त्यांनी चंबूभोवती एक फेरी मारली, वाकून बूड बघितलं, मान बघितली. मला वाटलं की आता शाबासकी देतील किंवा काहीतरी खोट काढतील. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं की मागणी मोठी आहे, लगेच दुसरा होईल का.

छकू, त्यांनी मला कामाला लावलं गं! जागा ठेवू की नको, हा प्रश्नच त्यांनी काढला नाही.

मी दुसरा केला. तोही एका दमात. साचा भरला, काकाने हात वर केला, मी नळी ओठांपासून दूर केली, आणि तरी माझ्या छातीत श्वास उरला होता. काम संपल्यावर उरलेला श्वास मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. त्याचं काय करावं ते मला कळेना. म्हणून मी हसलो. एवढ्या मोठ्याने आणि एवढा लांब हसलो की तुझी आई म्हणते, ते घरापर्यंत ऐकू आलं.

तुझ्यावर जीव आहे, तो आता भरपूर पुरेल.

तुझा,
बाबा